कॅरिबूंचा कळप बघायला जुलैअखेर गेलं तर चालेल का?

निसर्गखूळ: अलास्कातल्या आर्क्टिक नॅशनल वाइल्डलाइफ रेफ्यूज या अभयारण्यात जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जायचं घाटतंय. समुद्राकडच्या सपाटीवर कॅरिबूंचा, म्हणजे तिकडच्या रानटी रेनडिअरांचा, ‘पॉर्क्युपाइन’ नावाचा कळप दिसला की झालं. गाडी कुठपर्यंत जाते? पायवाटांचा नकाशा आहे का कुणाकडे?

हिमरेघ: गाडी जातच नाही. जवळपास ७८,००० चौरस किलोमीटरचा मुलूख, पण आत रस्ता नाही आणि आखलेली पायवाटही नाही, मग नकाशा कसला! फेअरबँक्सहून आर्क्टिक व्हिलेज किंवा काक्टोविक या गावी, तिथून लहान विमान. आमचं नदीपात्रातल्या गोट्यांवर उतरलं. परतीच्या दिवशी धुकं बसलं आणि तीन दिवस तंबूत. शिधा मोजून नेलात तर पस्तावाल. चालायचं तर गवताच्या डुगडुगत्या पुंजक्यांवरून, तासाला किलोमीटरभर झालं तरी खूप.

आता कळप. तुमची तारीख चुकलीय. माद्या जूनच्या सुरुवातीला सपाटीवर वितात, कारण लांडगे-अस्वलं तिथे डोंगरापेक्षा कमी, आणि कापूसगवताला नुकते कोंब फुटलेले. पुढे डास उठले की सगळे वाऱ्यासाठी किनाऱ्याला दाटतात, आणि जुलैच्या मध्यापर्यंत बहुतेक पांगतात, बरेचसे कॅनडाकडे. २०१७ च्या मोजणीत २,१८,००० जनावरं भरली होती. तरी पहिल्या खेपेला, ऑगस्टात, मला एकही दिसलं नाही. फक्त गळलेली शिंगं.

दुसऱ्यांदा जूनअखेर गेलो. रात्रीचे दोन, लख्ख ऊन, आणि तंबूबाहेर कट् कट् कट्. वाटलं, कुणी काटक्या मोडतंय. कॅरिबू चालताना पायातल्या कंडरा (स्नायू हाडाला बांधणारे दोर) हाडावरून सरकतात, त्याचा तो आवाज. तासभर चालू होता. मी बाहेर डोकं काढलं नाही, बुजले असते.

पाणलाव्या: तिथे तेल काढायला सुरुवात झाली म्हणतात ना?

हिमरेघ: तेल काढायच्या हक्कांचे लिलाव झालेत. २०१७ च्या कायद्याने सपाटी खुली केली, पण जानेवारी २०२५ च्या लिलावात एकही बोली आली नाही. भांडण मात्र चाळीस वर्षांचं आहे. ग्विचिन या तिथल्या मूळ रहिवाशांचं पोट याच कळपावर. विण्याच्या त्या जागेला ते ‘जिथे जीवन सुरू होतं ती पवित्र जागा’ म्हणतात.

निसर्गखूळ: बरं, मग जूनअखेरच. डासांचं काय करता?

हिमरेघ: डोक्यावरून जाळी. पण चहाला ती वर करावीच लागते, तेवढ्यात कपात पाच-सहा पडतात. दुसऱ्या दिवसापासून मी काढायचं सोडून दिलं.