मदत हवी आहे : योनेझावाच्या उएसुगी घराण्याचं उत्पन्न निम्मं का झालं?

नमस्कार मंडळी. एदो काळातल्या (1603 ते 1868) जपानमधल्या योनेझावा संस्थानाबद्दल वाचतोय आणि एका ठिकाणी अडलोय.

सेकिगाहाराच्या लढाईनंतर, 1601 मध्ये, विजेत्या तोकुगावा इएयासुने घराण्याचा प्रमुख उएसुगी कागेकात्सुचं 12 लाख कोकूचं आइझू संस्थान काढून घेतलं आणि त्याला 3 लाखांच्या योनेझावावर धाडलं. (कोकू म्हणजे साधारण 180 लिटर तांदूळ, संस्थानाची ऐपत त्यावरच मोजत.) तरी त्याने बहुतेक सगळे सामुराई सोबत नेले. मला हे फार मोठं वाटतं, पण तिजोरी तिथूनच खचली.

पुढे 1664 मध्ये तेव्हाचा घराण्याचा प्रमुख त्सुनाकात्सु वारस न नेमताच वारला. नियमाने संस्थान खालसा व्हायचं. पण त्याचे सासरे होशिना मासायुकी शोगूनच्या (जपानच्या लष्करी शासकाच्या) दरबारात वजनदार. त्यांनी मध्यस्थी केली, त्सुनाकात्सुच्या बहिणीचा मुलगा त्सुनानोरी दत्तक घेतला गेला आणि संस्थान वाचलं, मात्र 3 लाखांचं नव्हे, अवघ्या दीड लाख कोकूचं होऊन.

माझा प्रश्न इथेच आहे. मरणाच्या दारात दत्तक घेण्यावरची बंदी 1651 मध्येच सैल झाली होती ना? मग ही कपात ठरलेला दंड होता की त्या वेळची तडजोड? इतर घराण्यांत असं घडल्याची उदाहरणं कुणाला माहीत आहेत का?

शिवाय 1767 मध्ये गादीवर आलेल्या, ताकानाबेच्या आकिझुकी घराण्यातून दत्तक आलेल्या उएसुगी योझानच्या सुधारणांवर मराठीत किंवा इंग्रजीत नीट वाचायला काही असेल तर कृपया सुचवा. जपानी मला वाचता येत नाही.