फ्रान्समधली साधी माणसं लिहा-वाचायला कधी लागली? पुस्तकं सुचवा

जुनी_वही:
मंडळी, व्हॉल्तेर-रूसो खूप झाले. मला त्यांच्या काळातला सुतार, धनगर, मोलकरीण हवी आहे. त्यांना वाचता यायचं का? लिहिता? फ्रेंच येत नाही, इंग्रजीतलं सुचवा.

पिंपळपान:
फ्युरे आणि ओझुफ या इतिहासकार जोडीचं पुस्तक घ्या. मूळ 1977चं, इंग्रजी अनुवाद 1982चा. आकडे फार आहेत, आधीच सांगतो. सगळा डोलारा मॅजिओलो नावाच्या निवृत्त शिक्षणाधिकाऱ्याच्या खटाटोपावर. 1870च्या दशकात त्याने सुमारे 16,000 मास्तरांना गावोगावच्या लग्ननोंदी तपासायला लावल्या: नवरा-नवरीने सही केली की नुसती फुली? 1686-90 मध्ये सही करणारे नवरे 29 टक्के, नवऱ्या 14. क्रांतीच्या तोंडावर 47 आणि 27. नकाशावर फ्रान्सच्या वायव्य किनाऱ्यावरच्या सँ-मालोपासून जिनिव्हापर्यंत रेघ मारा. ढोबळमानाने वर सह्या, खाली फुल्या.

चहा_कमी_साखर:
सहीवर फार भिस्त ठेवू नका हो. तिथे आधी वाचन शिकवत, लेखन पुढे, आणि त्याची फी जास्त. पोरीला धर्माची प्रश्नोत्तरं वाचता आली की शाळा बंद. म्हणजे फुली मारणारी बाई प्रार्थनेचं पुस्तक वाचत असू शकते! आल्प्समधल्या ब्रियांसोंकडचे मास्तर हिवाळ्याच्या तोंडावर जत्रेत काम शोधायला उतरायचे ते टोपीत पिसं खोचून. एक पीस म्हणजे फक्त वाचन शिकवणार. जास्त पिसं, जास्त विद्या.

माझं मत विचाराल तर मेनेत्रा वाचा. पॅरिसचा काचा बसवणारा कारागीर, जन्म 1738. स्वतःची कहाणी स्वतः लिहिली. मूळ हस्तलिखितात विरामचिन्हांचा पत्ता नाही, फुशारक्या ढीगभर. बायकांचे किस्से निम्मे तरी थापा असाव्यात. इंग्रजीत आहे.

पिंपळपान:
सहीचा मुद्दा मान्य, फ्युरे-ओझुफनीही तो घेतलाय. आणखी एक, जोआकीम मार्तां. आल्प्समधला सुतार. 1880-81 मध्ये पिकोंतालच्या गढीत लाकडी जमीन बसवताना फळ्यांच्या खालच्या बाजूला पेन्सिलीने लिहीत गेला: गावातली लफडी, पाद्र्याचे चाळे, स्वतःचं दुःख. आपण मेल्यावरच कुणीतरी हे वाचणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. शंभरेक वर्षांनी जमीन उखडली तेव्हा सापडलं. त्यावर बुदों यांचं पुस्तक आहे, 2017चं, पण फ्रेंचमध्ये.

जुनी_वही:
मेनेत्रा मागवते. फळ्यांसाठी फ्रेंचचा क्लास लावावा लागणार बहुतेक.