मदत हवी आहे : गाडीच्या लांब प्रवासात मुलांसाठी तोंडी खेळ (रत्नागिरी ते अलिबाग, किनाऱ्याच्या रस्त्याने)

नमस्कार. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही रत्नागिरीहून अलिबागला, मुलांच्या मावशीकडे, गाडीने जाणार आहोत. महामार्ग टाळून जयगड-तवसाळ, धोपावे-दाभोळ, वेश्वी-बागमांडला आणि दिघी-आगरदांडा अशा चारही फेरीबोटी घेत जाण्याचा बेत आहे. फेरीबोटीवर मुले आपोआप रमतात. प्रश्न आहे तो दोन खाड्यांमधल्या वळणावळणाच्या रस्त्याचा.

मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सात वर्षांचा आणि भाची चार वर्षांची आहे. मागे त्यांच्यासोबत सासूबाई बसतील. मुलाला गाडी लागते, त्यामुळे पुस्तक, रंगकाम आणि मोबाइल बाद आहेत, आणि ‘नाव-गाव-फळ-फूल’ही कागदावर खेळता येत नाही, कारण मान खाली घातली की त्याला मळमळू लागते. भेंड्या सुरू केल्या, तर थोड्याच वेळात सासूबाई आणि मुलगी यांचाच सामना उरतो, कारण भाचीला अजून अक्षरओळख नाही. गाड्यांच्या नंबरप्लेटवरून जिल्हा ओळखण्याचा खेळ महामार्गावर चांगला चालतो. या रस्त्यावर मात्र सावित्री ओलांडेपर्यंत बहुतेक एमएच ०८ आणि पुढे एमएच ०६, असेच चालते.

ज्याला काही साहित्य लागत नाही, ज्यात चार वर्षांच्या मुलीलाही खरोखरीची पाळी मिळते आणि गाडी चालवणाऱ्याला मध्ये ओढावे लागत नाही, असे खेळ कृपया सुचवावेत.

प्रतिसाद १

ताई, गाडी लागते ती कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला हालचाल जाणवत असताना डोळ्यांसमोरचे पान मात्र स्थिर दिसते म्हणून. त्यामुळे लांबवर पाहायला लावणारे खेळ आपल्या मुलासाठी नुसती करमणूक नाहीत, तर त्याचा त्रासही त्यांनी कमी होऊ शकतो. त्याला शक्यतो मधे बसवावे, म्हणजे समोरचा रस्ता दिसेल.

आमच्याकडे ‘डावी-उजवी’ चालते. एका गटाने डावीकडचे पाहायचे, दुसऱ्याने उजवीकडचे, आणि आधी ठरवलेल्या वस्तू दिसल्या की गुण घ्यायचे: होडी, वाळत घातलेली मासळी, चिऱ्याची खाण, लाल एसटी, माडावर चढलेला माणूस. शेवटच्याला पाच गुण द्यावेत, कारण तो क्वचितच दिसतो. आपण उत्तरेकडे जाणार असल्याने समुद्र बहुधा डावीकडे असेल आणि होड्या सगळ्या त्याच गटाला मिळतील; म्हणून प्रत्येक फेरीबोटीनंतर बाजू बदलाव्यात, नाहीतर दाभोळच्या आधीच भांडण होईल. भाचीला आजीच्या गटात घ्यावे आणि वस्तू ओळखण्याचे काम तिलाच द्यावे.

दुसरा खेळ बाजाराचा. पहिल्याने म्हणायचे, “मी बाजारात गेले आणि नारळ आणला.” पुढच्याने नारळ सांगून त्यात कोकम घालायचे, त्याच्या पुढच्याने दोन्ही सांगून सुकट. यादी वाढत गेली की बहुतेक वेळा मोठी माणसेच आधी अडखळतात, आणि चार वर्षांच्या मुलांना याहून मोठा आनंद नसतो.

गावांच्या भेंड्या मुलगी आणि सासूबाईंसाठी ठेवाव्यात. गुहागरवरून रेवदंडा, त्यावरून डहाणू आणि मग ‘ण’ येतो. ‘ण’ने सुरू होणारे गाव मिळत नाही, म्हणून तिथे ‘न’ चालेल, हे आधीच ठरवावे.

मूळ धागाकर्ती

मनःपूर्वक आभार. बाजू बदलण्याची सूचना फारच उपयोगी आहे. एक शंका आहे: अंधार पडल्यावर काय खेळावे? दिघीला पोहोचेपर्यंत संध्याकाळ होईल, असा अंदाज आहे.

प्रतिसाद २

अंधारात मनातली वस्तू ओळखण्याचा खेळ उत्तम चालतो. एकाने वस्तू मनात धरायची आणि इतरांनी ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर येईल असे वीस प्रश्न विचारायचे. भाचीने वस्तू धरली तर ती आधी आजीच्या कानात सांगू द्यावी, कारण लहान मुले मध्येच वस्तू बदलतात आणि मोठी भावंडे चिडतात. गाण्याची चाल नुसती गुणगुणून गाणे ओळखायला लावणे, हाही पर्याय आहे. त्यात अक्षरांचा प्रश्नच येत नाही.

नंबरप्लेटचा खेळ मात्र पूर्ण सोडू नये. दिवाळीत दापोली-हर्णै भागात पुण्याकडच्या एमएच १२ आणि १४ भरपूर दिसतात. जिल्हा ओळखण्याऐवजी शेवटच्या चार आकड्यांची एक अंक उरेपर्यंत बेरीज करावी, म्हणजे ४७३८ चे २२ आणि २२ चे ४. ज्याने आधी ४ हा अंक धरला असेल, त्याला गुण. आकडे मुलाने वाचावेत, बेरीज मुलीने करावी. फेरीबोटीसाठी रांग लागली असेल, तर पुढच्या गाड्यांवरही हेच खेळता येते. आगरदांड्याची शेवटची फेरी किती वाजता सुटते, हे मात्र निघण्यापूर्वी चौकशी करून ठेवावे.