नवोदय बॅचचं गेट-टुगेदर: मायग्रेशनवाल्यांना आणि दहावीनंतर गेलेल्यांना बोलवायचं का?

शिवालिक_लाल
नमस्कार मंडळी, इथे नवोदयवाले बरेच दिसतात म्हणून विचारतेय. आमची बॅच ९३ ची, म्हणजे सहावीला ९३ साली लागलेली, मराठवाड्यातलं नवोदय (केंद्र सरकारची सहावी ते बारावीची निवासी शाळा). २००० ला बारावी झाली आणि पंचवीस वर्षं उलटून गेल्यावर आता लोकांना जाग आलीय. व्हॉट्सॲप ग्रुप निघाला, आधी नुसते जुने फोटो आणि कोण किती टकला झाला याच्यावर हसणं चाललं होतं, तारीख ठरवायची म्हटल्यावर मात्र भांडणं सुरू.

भांडण बॅच म्हणजे नक्की कोण यावरून आहे. दहावी झाल्यावर आमच्यातले बरेच जण लातूरला गेले, तेव्हा लातूर पॅटर्नचं वारं होतं, मेडिकल नाहीतर इंजिनीअरिंग, बाकी काही घरी चालायचंच नाही. आता काही जण म्हणतात बारावीपर्यंत जे राहिले तेच खरे बॅचमेट. त्यात परत मायग्रेशन, म्हणजे दोन राज्यांतल्या नवोदयांमधे वर्षभरासाठी मुलांची अदलाबदल. नववीला आमची काही मुलं मध्य प्रदेशातल्या नवोदयात गेली आणि तिकडची आमच्याकडे आली. ती आमच्याच डॉर्ममधे राहिली, आमच्याच मेसमधे जेवली आणि आता एक महाशय ग्रुपवर म्हणतात ते पाहुणे होते, त्यांना कशाला शोधत बसायचं. मला पटत नाहीये, पण कुणाकडे त्यांचा नंबरही नाही.

दुसरं म्हणजे जागा. निम्मे म्हणतात शाळेतच करू, निम्म्यांना लोणावळ्याचं रिसॉर्ट पाहिजे, माणशी सहा हजाराच्या वर जातंय. तुमच्या बॅचने काय केलं सांगा.

निळा_झेंडा
बारावीवाले खरे हे कुणी ठरवलं? आमच्याकडे सरळ हिशोब आहे, ज्या साली ॲडमिशन ती बॅच. पाचवीत असताना निवड परीक्षा दिली, ऐंशीच्या यादीत नाव आलं आणि पेटी घेऊन आईबापाने सोडून दिलं, तो दिवस सगळ्यांचा एकच होता ना. पुढे कोण कधी गेलं याला काय अर्थ आहे. एकाला तर आम्ही सातवीतच घरी गेलेला असूनही बोलावलं, सगळ्यात जास्त गोष्टी त्यालाच आठवत होत्या.

रिसॉर्ट मात्र नको. आम्ही केलं, लोक दोन-दोन तीन-तीनचे घोळके करून आपापल्या खोलीत. शाळेत गेलं की कसं पीटीचं ग्राउंड, असेंब्ली, हाऊसचा बोर्ड, बोलायला विषय शोधावा लागत नाही.

दोन्हीकडचा_कुणीच_नाही
मी मायग्रेशनला गेलेला. महाराष्ट्रातनं उत्तर प्रदेशात, चौदा वर्षांचा होतो. थंडी अशी की सकाळच्या पीटीला बोटं वळायची नाहीत आणि नळाचं पाणी हाताला चावायचं. सुरुवातीला रडलो, खोटं कशाला बोलू, मग इतका रमलो की परत यायच्या वेळी पण रडलो. आता गंमत बघा, माझ्या मूळ शाळेच्या ग्रुपवर नववीच्या आठवणी निघाल्या की मला सांगतात तू तर नव्हतासच, आणि तिकडच्या ग्रुपमधे कुणी घेतलंच नाही कारण त्यांच्या यादीत मी नाही. म्हणून ताई तुम्ही त्या मुलांना शोधाच, ती पण कुठेतरी असाच विचार करत बसली असतील.

शोधायचा मार्ग सांगतो. ज्या शाळेशी मायग्रेशन असतं तिथली भाषा तिसरी भाषा म्हणून शिकवतात, म्हणजे तुमच्याशी जोडलेल्या एमपीच्या शाळेत मराठीचे एक सर किंवा मॅडम असणारच. ते बहुतेक आपल्याच भागातले असतात आणि आपली मुलं तिकडे गेली की सगळा जीव त्यांच्याकडेच. ते रिटायर झाले असतील, तरी त्यांना गाठा. तुमच्या तिकडे गेलेल्या मुलांना त्यांचं नाव आठवत असेलच. शाळेच्या ऑफिसला नंबर मागू नका, ते देणार नाहीत आणि देऊही नये.

मेसची_पुरीभाजी
मी ग्रुपवर वाचतो पण बोलत नाही, असे प्रत्येक ग्रुपवर असतात. शेती करतो. नवोदय मुळात खेड्यातल्या पोरांसाठी काढलं, पाऊणेक जागा ग्रामीण मुलांच्या, राहणं-जेवण-पुस्तकं सगळं फुकट, म्हणून तर आम्ही तिथे पोचलो. आता तिथल्याच पोरांनी सहा हजाराचं रिसॉर्ट म्हणायचं. ज्याला झेपत नाही तो कारण सांगत नाही, तो फक्त "बघतो" म्हणतो आणि येत नाही. आमच्यात एकाने चांगलं केलं, पैसे एकाच माणसाकडे द्यायचे, ज्याला जेवढे जमतील तेवढे, आणि कुणी किती दिले ते ग्रुपवर टाकायचं नाही. यादी टाकली की संपलं.

ड्यूटीवर_आहे
मी सध्या एका नवोदयात शिकवते, शाळेत करणार असाल तर आमच्या बाजूचं थोडं ऐका. प्राचार्यांना आधी लेखी अर्ज द्या, येणाऱ्यांची नावं सोबत जोडा. सुट्टीत येऊ नका, कॅम्पस ओस असतो, शिक्षक गावी गेलेले असतात, मग भेटणार कुणाला? रविवार बरा, पण पालक भेटीचा रविवार सोडून. डॉर्ममधे मुक्काम विसरा, मुलींच्या डॉर्मकडे तर फिरकायचं पण नाही, आता नियम कडक आहेत आणि ते बरोबरच आहे. गावात लॉज घ्या. आणि कृपया दारूच्या बाटल्या गाडीत ठेवून आत येऊ नका, वॉचमनला सगळं कळतं.

आणखी एक, स्टेजवर तासभर आपलेच सत्कार करून घेऊ नका. अकरावी-बारावीच्या पोरांना खाली बसवून ठेवतात आणि पोरं कंटाळतात. त्यापेक्षा त्यांच्यात जाऊन बसा, कुणी नर्स असेल, कुणी तलाठी, कुणी बाहेरदेशी, त्यांना प्रश्न विचारू द्या. मेसचे जुने काका हयात असतील तर त्यांना आधी बोलवा, मग आमदारांचं बघा.

शिवालिक_लाल
सगळ्यांचे आभार. @दोन्हीकडचा_कुणीच_नाही, तुमचा मेसेज तसाच ग्रुपवर टाकला, नाव न घेता. पाहुणेवाले महाशय गप्प झाले, आणि तिकडे गेलेल्या एका मैत्रिणीने मराठीच्या सरांचा नंबर काढला. सर आता नांदेडला असतात, फोनवर त्यांनी पाच-सहा जणांची नावं गावासकट सांगितली, त्यातला एकजण जबलपूरला आहे, तो येतोय. रिसॉर्ट रद्द, शाळाच, पैसे एकीकडेच. तारीख जानेवारीतला रविवार बघतोय, अर्ज या आठवड्यात देते. अर्ज मराठीत चालेल की हिंदी-इंग्रजीच लागेल, ड्यूटीवाल्या मॅडम तेवढं सांगा.