पुण्यात बसून ऑफिसचा लॅपटॉप उघडेना

नमस्कार मंडळी,

आपल्या मंडळाच्या ईमेल यादीवर आयटीवाले ढिगाने आहेत म्हणून इथेच विचारते. बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तीन आठवडे पुण्यात, कर्वेनगरला आले आहे. इथून काम करायला ऑफिसची परवानगी आहे, लॅपटॉप सोबत आणलाय. सोमवारी पासवर्डची मुदत संपल्याची मेल आली, तेव्हा फोनवरूनच वेबसाइटवर जाऊन नवा ठेवला. काल सकाळपासून लॅपटॉप तो घेतच नाही. पाचसहा वेळा करून पाहिलं. दुपारी तर फोनवरची मेलही बंद पडली, खातं लॉक झालंय म्हणे. हेल्पडेस्क तिकडे लंडनला सकाळी नऊला उघडतं, म्हणजे इथे दुपारचा दीड. तोवर काय करू? त्यात आज गुरुवार, इथे वीज दुरुस्तीचा वार, लाईट कधी जाईल नेम नाही.

– कर्वेनगरहून

———

ताई,

पासवर्ड पुन्हा बदलू नका, ही पहिली विनंती. आणखी एक नवा केलात की गुंता वाढतो.

तुमचा नवा पासवर्ड ऑफिसच्या सर्व्हरला माहीत आहे, लॅपटॉपला नाही. ऑफिसच्या नेटवर्कबाहेर असताना विंडोज सर्व्हरला विचारू शकत नाही. मागच्या लॉगिनची खूण मशीनमध्येच जपलेली असते, तिच्याशी ताडून बघतं. तेव्हा लॅपटॉपला जुनाच पासवर्ड द्या. आत गेलात की नव्या पासवर्डने व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कात शिरायची सुरक्षित वाट) जोडा, आणि ते जोडलेलं असतानाच विंडोजची कळ आणि एल दाबून स्क्रीन लॉक करा. उघडताना नवा टाका. आता मशीन सर्व्हरला विचारतं आणि नवा लक्षात ठेवतं. मी हे रोज कुणाला ना कुणाला सांगत असतो, आणि निम्मे जण आधी व्हीपीएन तोडून मग लॉक करतात.

खातं लॉक होण्याचं खापर मात्र लॅपटॉपवर नको. तो ऑफिसशी जोडलेलाच नव्हता, तर तिथे चुकलेले पासवर्ड सर्व्हरला कळणार कसे? तुमच्या फोनच्या मेल अ‍ॅपमध्ये जुना पासवर्ड तसाच राहिला असणार. ते बिचारं तोच घेऊन सारखं दार ठोठावतं. आधी तो बदला, नाहीतर हेल्पडेस्कने लॉक काढला तरी थोड्या वेळात परत लागेल. बऱ्याच कंपन्यांत लॉक काही वेळाने आपोआप निघतो, तेवढं थांबून बघा.

आणि हो, तिकडे पोचल्यावर लॅपटॉपचं घड्याळ हाताने साडेचार तास पुढे केलं नाहीत ना? टाइमझोन लंडनचाच ठेवून वेळ बदलली, तर मशीनच्या हिशोबी तुम्ही साडेचार तास भविष्यात. सर्व्हर साधारण 5 मिनिटांपलीकडचा फरक चालवून घेत नाही. तसं केलं असेल तर घड्याळ पुन्हा मागे घ्या आणि फक्त टाइमझोन बदला, वेळ आपसूक बरोबर होईल.

ओटीपी एसएमएसवर येत असेल तर सिम रोमिंगवर चालू ठेवा. ऑथेंटिकेटर अ‍ॅप असेल तर प्रश्न नाही. त्यातला कोड फोन दर 30 सेकंदांनी स्वतःच काढतो, त्याला रेंजसुद्धा लागत नाही.

– रेडिंगहून

———

दोघांनाही: चर्चा जरूर करा, पण पासवर्डचे नमुने यादीवर टाकू नका. मागे एकांनी ‘हा का चालत नाही बघा बरं’ म्हणून अख्खा पासवर्ड सगळ्या सभासदांना पाठवला होता.

– सचिव

———

दादा, जुनाही घेईना!

रडायचीच बाकी होते. मग पासवर्डच्या चौकटीतल्या डोळ्याच्या चिन्हावर क्लिक करून मी नेमकं काय टाइप करतेय ते पाहिलं. तर जिथे @ हवं तिथे अवतरणचिन्ह! (माझ्या पासवर्डमध्ये @ आहे, एवढंच सांगते. सचिवकाका, रागावू नका.) रविवारी मंडळाचा जमाखर्च लिहिताना ₹ चिन्ह हवं म्हणून भारतीय इंग्रजी कीबोर्ड घातला होता, तो तसाच राहिला. लॅपटॉपच्या कळा ब्रिटिश छापाच्या, आणि त्या मांडणीत @ आणि अवतरणचिन्ह यांच्या जागा नेमक्या उलट. म्हणजे दोन दिवस मी जुना काय, नवा काय, सगळं चुकीचंच टाकत होते. विंडोजची कळ आणि स्पेसबार दाबून कीबोर्ड बदलला, जुना पासवर्ड टाकला, उघडलं!

फोनमधला पासवर्ड त्याआधीच बदलला होता, त्यामुळे तासाभरात खातंही आपलं आपण सुटलं. व्हीपीएन जोडलं, आता लॉक करणार इतक्यात लाईट गेली. लाईटबरोबर वायफाय, वायफायबरोबर व्हीपीएन. बाबांच्या फोनचा हॉटस्पॉट लावून पुन्हा पहिल्यापासून. या वेळी नवा पासवर्ड पहिल्या फटक्यात घेतला.

हेल्पडेस्कचा फोन बरोबर दीडला आला. मी बाबांच्या डोळ्यात थेंब घालत होते, उचलला नाही.

– कर्वेनगरहून