रोझेट तेजोमेघ: हायड्रोजन-अल्फा रंगीत छायाचित्रात मिसळल्यावर ताऱ्यांचे रंग का बिघडतात?

प्रश्न (कोथरूड)

नमस्कार मंडळी. शृंगाश्व तारकासमूहातील रोझेट तेजोमेघ मी या हिवाळ्यात दोन ठिकाणांहून टिपला. रंगीत फ्रेम राजगडाच्या पायथ्याजवळच्या एका शेतातून घेतल्या, प्रत्येकी १२० सेकंदांच्या ६०. हायड्रोजन-अल्फाच्या (हायड्रोजन वायूच्या तांबड्या प्रकाशाच्या) फ्रेम घराच्या गच्चीवरून, मोनो (कृष्णधवल) कॅमेरा आणि ७ नॅनोमीटरचा फिल्टर लावून घेतल्या, प्रत्येकी ३०० सेकंदांच्या ४०. शहराच्या उजेडातही अल्फाची प्रतिमा इतकी स्वच्छ आली आहे की या गुलाबासारख्या तेजोमेघाच्या पाकळ्यांवरच्या काळ्या धुळीच्या गाठी सुट्या सुट्या दिसतात.

अडचण या दोन्हींची सांगड घालताना येते. तांबड्या चॅनलच्या जागी अल्फा ठेवला, तर प्रत्येक ताऱ्याभोवती निळसर-हिरवे कडे उमटते आणि मधल्या तारकागुच्छाजवळचा नारिंगी तारा पांढराफटक होतो. अल्फा ल्युमिनन्स (प्रतिमेचा उजळपणा ठरवणारा थर) म्हणून वापरला, तर पाकळ्या फिकट गुलाबी पडतात आणि मधला निळसर भाग जवळजवळ विझतो. कोणत्या टप्प्यावर चूक होत असावी?

उत्तर (बाणेर)

तुमच्या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे. ७ नॅनोमीटरच्या फिल्टरमधून ६५६.३ नॅनोमीटरवरचा वायूचा प्रकाश येतो, तसाच त्या पट्ट्यात बसणारा ताऱ्यांचा थोडासा अखंड प्रकाशही येतो. त्यामुळे अल्फामधले तारे क्षीण आणि लहान असतात. त्यांना तांबड्याच्या जागी बसवले की ताऱ्याच्या कडेला तांबडा कमी पडतो आणि उरलेला निळा-हिरवा कड्यासारखा दिसतो. ल्युमिनन्सचे दुखणेही याच जातीचे आहे. रोझेटच्या पोकळीतला निळसर प्रकाश मुख्यतः दुहेरी आयनीभूत ऑक्सिजनचा, म्हणजे ५००.७ नॅनोमीटरचा आहे. अल्फाच्या प्रतिमेत तो नाहीच, मग तिच्याकडून त्याला उजळपणा मिळणार कुठून? म्हणून अल्फा कशाच्याही जागी ठेवू नका. त्यातला फक्त वायूचा भाग वेगळा काढा आणि तो तांबड्यात मिळवा.

त्यासाठी स्ट्रेच करण्यापूर्वी (अंधूक भाग उजळण्यापूर्वी), दोन्ही प्रतिमा जुळवून घेतल्यावर, सिरिल या सॉफ्टवेअरच्या पिक्सेल मॅथमध्ये (प्रतिमांची बेरीज-वजाबाकी करणाऱ्या साधनात) अल्फामधून तांबड्याचा काही अंश वजा करा. हा अंश किती घ्यायचा, हे तारेच सांगतात. तो हळूहळू वाढवत न्या. वजाबाकीच्या प्रतिमेत तारे विरू लागतील आणि एका किमतीला दिसेनासे होतील. तिथे थांबा, कारण त्यापुढे गेलात तर ताऱ्यांच्या जागी काळी भोके पडतील. तेजोमेघाकडे पाहून हा अंश ठरवणे मात्र चुकीचे आहे, कारण रंगीत कॅमेऱ्याच्या तांबड्यातही अल्फाचा प्रकाश आहेच आणि वजाबाकीत तोही थोडा जातो. दोन रात्रींचे सीइंग (हवेच्या थरथरीने तारे किती पसरट दिसतात ते) सारखे नसल्याने ताऱ्यांच्या जागी बारीक वर्तुळे उरतील. अंश ठरल्यावर स्टारनेट या तारे पुसणाऱ्या सॉफ्टवेअरने दोन्ही प्रतिमांतले तारे काढा, तीच वजाबाकी ताराविरहित प्रतिमांवर पुन्हा करा आणि उत्तर तांबड्यात मिळवा. तारे शेवटी फक्त रंगीत प्रतिमेतून, स्क्रीन पद्धतीने (दोन प्रतिमांचा उजेड न जळता एकत्र करणाऱ्या मिश्रणाने) परत आणा.

रंगांचे कॅलिब्रेशन अल्फा मिळवण्याआधी, निव्वळ रंगीत प्रतिमेवरच उरकून घ्या. ते नंतर केले, तर सॉफ्टवेअर वाढलेल्या तांबड्याला दोष समजून तो दाबू पाहते. तुमचा नारिंगी तारा बहुधा १२ मोनोसेरोटिस असावा. तो एनजीसी २२४४ या गुच्छाचा सदस्य नसून आपल्या बाजूला, बराच अलीकडे आहे. गुच्छातल्या निळसर ताऱ्यांशेजारी तो नारिंगी दिसला पाहिजे. मी माझ्या प्रतिमेतले रंग त्याच्यावरूनच तपासतो.

उत्तर (धनकवडी)

वरील पद्धत योग्यच आहे, पण ग्रेडियंट, म्हणजे पार्श्वभूमीतल्या उजेडाचा एका बाजूचा उतार, आधी काढला नाही तर ती फसते. राजगडाच्या पायथ्यावरून पुण्याचा उजेड ईशान्येला दिसतो आणि रोझेट पूर्वेला उगवतो, म्हणजे तुमच्या सुरुवातीच्या फ्रेमवर शहराची झाक असणारच. मध्यमंडलावर, म्हणजे आकाशात सर्वांत उंच असताना, तो आपल्याकडे सुमारे ७६ अंश उंचीवर येतो, त्या वेळच्या फ्रेम सर्वांत स्वच्छ असतील. गच्चीवरच्या फ्रेममधला उतार वेगळ्याच दिशेचा असेल. असे दोन तिरके उतार एकमेकांतून वजा केले की तिसराच खोटा उतार तयार होतो आणि पुढे तो तांबड्या धुक्यासारखा दिसतो. रोझेट एक अंशाहून अधिक पसरलेला असल्याने पार्श्वभूमीचे नमुने मोजकेच आणि अगदी कोपऱ्यांतले घ्या. एकही बिंदू पाकळीवर पडला, तर तेवढी पाकळी कापली जाईल.

उत्तर (निगडी)

एक भर घालावीशी वाटते. हायड्रोजन जिथे अल्फा देतो, तिथे ४८६.१ नॅनोमीटरवर निळसर बीटाही देतो. आदर्श स्थितीत अल्फा त्याच्या सुमारे २.९ पट असतो. वाटेतल्या धुळीमुळे बीटा आणखी क्षीण होतो. म्हणून वेगळ्या काढलेल्या अल्फाचा दहा ते पंधरा टक्के भाग मी निळ्यातही मिळवतो. त्याने पाकळ्यांचा विटकरी रंग जाऊन गुलाबाकडे झुकणारा तांबडा येतो. मधल्या पोकळीत मात्र हे प्रमाण जपून वापरावे, कारण तिथला निळसरपणा ऑक्सिजनचा आहे आणि अल्फाच्या आधाराने तो वाढवणे मला योग्य वाटत नाही.

प्रश्नकर्ता (कोथरूड)

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री सगळे पहिल्यापासून केले. ग्रेडियंट काढल्यावर अंश ०.२ च्या आसपास नेला तेव्हा तारे विरले, ०.३ ला काळी भोके पडली. कडी गेली आहेत आणि १२ मोनोसेरोटिस नारिंगी दिसतो आहे. निळ्यात दहा टक्केच घातले. पंधरा टक्क्यांना पाकळ्यांच्या आतल्या कडा जांभळट होऊ लागल्या होत्या. मधला निळसर भाग अजून अशक्त आहे, त्यामुळे पुढच्या अमावास्येला गच्चीवरून ऑक्सिजनच्या फिल्टरने फ्रेम घेणार आहे. या फ्रेम हिरव्या आणि निळ्या चॅनलमध्ये याच वजाबाकीने मिळवाव्यात का?

उत्तर (बाणेर)

होय, पण अंश दोन्ही चॅनलसाठी वेगवेगळा काढा. अमावास्येचा आग्रह ऑक्सिजनसाठी योग्यच आहे. चंद्रप्रकाश आकाशात विखुरतो तेव्हा निळ्या-हिरव्या बाजूला अधिक पसरतो, त्यामुळे अल्फाला जे चांदणे चालून जाते ते ऑक्सिजनला चालत नाही.