मदत हवी आहे: जुन्या चिरेबंदी घराला खोल्या वाढवताना इन्सुलेशनचा नियम लागतो का?

फोंडेकर:
आमचे फोंडा तालुक्यातले घर आजोबांच्या काळचे, चिऱ्यांचे आणि मंगळुरी कौलांचे आहे. मागच्या बाजूला दोन खोल्या वाढवत आहोत आणि त्यांवर स्लॅब येणार आहे. पाऊस तोंडावर आला आहे, गवंडी रोज विचारतो आणि मला दोन प्रश्नांची उत्तरे मिळत नाहीत. आराखडा करणाऱ्या अभियंत्याने छताच्या इन्सुलेशनचा वेगळा खर्च दाखवला असून तो नियमानुसार आवश्यक असल्याचे तो सांगतो, तर कंत्राटदार म्हणतो की राहत्या घराला असा नियमच नाही. यांतले खरे काय? आणि इन्सुलेशन घालायचेच असेल तर थर्माकोल, ग्लासवूल की आणखी काही, आणि भिंतीला आतून की बाहेरून? ‘तज्ज्ञाला विचारा’ असे उत्तर कृपया देऊ नये. तज्ज्ञ दोन आहेत आणि त्या दोघांचे जमत नाही.

साधा आरेखक:
दोघेही अर्धे बरोबर आहेत. ऊर्जा दक्षता ब्यूरोची इको-निवास संहिता 2018 साली आली आणि ती 500 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरील निवासी इमारतींसाठी लिहिलेली आहे. तिच्यानुसार छताचे यू-मूल्य, म्हणजे छतातून उष्णता किती सहज आत येते त्याचे माप, 1.2 वॅट प्रति चौरस मीटर केल्विनपेक्षा जास्त असू नये. गोवा उष्ण-दमट पट्ट्यात येतो, आणि या पट्ट्यात उघडता येणाऱ्या खिडक्यादारांचे क्षेत्रफळ घराच्या आतल्या फरशीच्या क्षेत्रफळाच्या निदान 16.66 टक्के, म्हणजे सहावा हिस्सा, असावे असेही तीत आहे. परंतु ही केंद्राची संहिता राज्याने आपल्या नियमांत घेतल्यावरच बंधनकारक ठरते, आणि तुमची फाईल तपासली जाते ती गोव्याच्या 2010 च्या भूविकास व इमारत बांधकाम विनियमांनुसार. तेव्हा अभियंत्याला कोणत्या कलमाखाली खर्च दाखवला एवढेच विचारावे.

आता भूखंड किती, खोल्या कोणत्या दिशेला, एसी बसणार आहे का, आणि जुन्या घराची कोणती भिंत नव्या खोल्यांना सामाईक होणार आहे, हे सांगावे. त्याशिवाय दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देणे म्हणजे अंदाजपंचे ठरेल.

परदेशस्थ पेडणेकर:
मी बरीच वर्षे जर्मनीत राहतो आणि येथे आम्ही 1930 च्या दशकातल्या घराला एक खोली जोडली. येथील इमारत ऊर्जा कायद्यानुसार जुन्या घराची बाहेरची भिंत मोठ्या प्रमाणावर नव्याने करताना तिचे यू-मूल्य 0.24 च्या वर जाऊ देत नाहीत, त्यामुळे चौदा-सोळा सेंटिमीटर जाडीचे इन्सुलेशन ही येथे सामान्य बाब आहे. माझा अनुभव असा की अर्धवट काम करू नये. सर्व भिंतींना इन्सुलेशन, आतल्या बाजूने बाष्परोधक पडदा आणि हवाबंद खिडक्या, असे एकदाच करून टाकावे. पैसे जातात, पण घर आयुष्यभर कोरडे राहते.

चुनखडी:
पेडणेकर, तुमच्याकडे बर्फ पडतो आणि आमच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवाच ओली असते, हे विसरून कसे चालेल? जर्मनीच्या हिवाळ्यात घरातली उबदार, दमट हवा भिंतीतून थंड बाहेरच्या दिशेने जाते, म्हणून बाष्परोधक पडदा आत लावतात. आपल्याकडे एसी लावलेल्या खोलीत सगळे उलटे घडते. बाहेर 30 अंश तापमान आणि 80 टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे पाणी होऊ लागते ते, सुमारे 26 अंशांवर येतो आणि एसी 24 वर ठेवलेला असतो. बाहेरून आत येणारी वाफ त्या पडद्याच्या पाठीवर थबकेल, पाणी होईल आणि भिंत आतल्या आत कुजेल. पडदा लावायचाच असेल तर तो बाहेरच्या, म्हणजे उष्ण बाजूला हवा.

माझ्या मते पडद्याची गरजच नाही. चिऱ्याची भिंत सच्छिद्र असते, तिला चुन्याचा गिलावा द्यावा आणि वर चुन्याचीच सफेदी करावी. आलेली ओल भिंत स्वतःच बाहेर सोडते. सिमेंटचा गिलावा आणि प्लॅस्टिक रंग यांनी गोव्यातल्या जितक्या जुन्या भिंती नासवल्या, तितक्या पावसाने नासवल्या नसतील.

निवृत्त सचिव:
इन्सुलेशन नंतर पाहता येईल. पंचायतीचा बांधकाम परवाना आणि नगर नियोजन खात्याची तांत्रिक मान्यता हाती आहे का? गोवा पंचायत राज अधिनियम, 1994 च्या कलम 66 खाली परवान्याविना वाढीव बांधकाम पाडण्याचा आदेश निघू शकतो. जागा भाटकाराची, म्हणजे जमीनमालकाची, आणि घर मुंडकाराचे, म्हणजे त्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचे, असेल तर 1975 चा मुंडकार कायदाही पाहावा लागतो. शिवाय काम पूर्ण झाल्यावर घरपट्टीची नवी आकारणी करून घेण्यास विसरू नये. लोक ते टाळतात आणि पुढे वाटणीच्या वेळी गोंधळ होतो.

फोंडेकर:
परवाना आहे, मान्यता आहे, जागा आमचीच आहे. घरपट्टीबद्दल मी विचारलेच नव्हते.

भूखंड सहाशे चौरस मीटरचा आहे. खोल्या पश्चिमेला आहेत आणि त्यांतल्या वडिलांच्या खोलीत एसी बसेल. माजघराची पश्चिमेची भिंत सामाईक होईल. तिच्यातली जुनी खिडकी आता नव्या खोलीतच उघडेल, म्हणून ती बुजवून माजघराच्या बाजूने तेथे भिंतीतले कपाट करणार आहोत. राजांगणात, म्हणजे घराच्या मधल्या उघड्या चौकात, पावसाचे पाणी येते म्हणून त्यावर गेल्या वर्षी पॉलिकार्बोनेटचे पत्रे बसवले आहेत, पण त्याचा या कामाशी संबंध नाही. गेल्या पावसाळ्यात माजघरात आणि देवघरात कुबट वास येऊ लागला आणि ठेवणीतल्या साड्यांवर बुरशी धरली, म्हणून घरातल्यांचे म्हणणे आहे की जुन्या भिंतींनाही याच खर्चात इन्सुलेशन करून घ्यावे.

साधा आरेखक:
हे पहिल्याच दिवशी सांगितले असते तर अर्धा धागा वाचला असता. तुमच्या बुरशीचा संबंध पॉलिकार्बोनेटशीच आहे, आणि जुन्या भिंतींच्या इन्सुलेशनने ती जाणार नाही.

राजांगण हे केवळ उजेडासाठी नसते. तापलेली, दमट हवा तेथून वर निघून जाते आणि तिच्या जागी खिडक्यादारांतून बाहेरची हवा खोल्यांत ओढली जाते. कौलांच्या फटींतूनही थोडी हवा खेळते. तुम्ही वरचा मार्ग पत्र्याने बंद केला आणि आता माजघराची पश्चिमेची खिडकी बुजवत आहात, म्हणजे हवा यायलाही वाट नाही आणि जायलाही नाही. संहितेतला सहाव्या हिश्शाचा निकष माजघराला लावून पाहा, बहुधा तेथेच उत्तर मिळेल.

दुसरे, ते भिंतीतले कपाट मुळीच करू नये. त्याची पाठ एसीच्या खोलीला लागून थंड राहील, दारे बंद असतील आणि माजघरातली दमट हवा फटीतून आत जाऊन त्या थंड पाठीवर पाणी धरेल. साड्या तेथेच ठेवणार असाल तर यंदा बुरशी आणखी लवकर दिसेल.

नव्या खोल्यांपुरते सांगायचे तर पैसा छतावर घालावा. दहा-बारा सेंटिमीटरची उघडी स्लॅब दिवसभर तापते आणि रात्री ती उष्णता खाली सोडत राहते. स्लॅबवर जलरोधन, त्यावर 50 मिलिमीटर एक्सपीएसच्या (थर्माकोलच्याच जातीच्या, पण घट्ट फोमच्या) पाट्या, वर उताराचा कोबा आणि पांढरी चायना मोझॅक (टाइलच्या तुकड्यांची फरशी) असे थर केल्यास 1.2 ची मर्यादा सहज पाळली जाते, कायदा लागू असो वा नसो. साधा थर्माकोल तुलनेने अधिक पाणी शोषतो आणि ग्लासवूल भिजले की निकामी होते. पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून सावली द्यावी, म्हणजे छज्जा खोल करावा किंवा पडवी काढावी.

चुनखडी:
एक्सपीएस हवेच कशाला? स्लॅबच्या वर वाशे आणि रिपा टाकून मंगळुरी कौले घालावीत, मध्ये हवेची पोकळी मिळते आणि जुन्या घराशी मेळही बसतो.

साधा आरेखक:
कौलांना माझा विरोध नाही, पोकळी दोन्ही टोकांना उघडी ठेवल्यास सावलीचा चांगला उपयोग होतो. पण ज्या खोलीत एसी चालणार आहे तिथे स्लॅबच्या अंगालाही काही इन्सुलेशन हवे. चुन्याच्या गिलाव्याबद्दल तुमचे म्हणणे जुन्या भिंतींपुरते मान्य आहे.

परदेशस्थ पेडणेकर:
चुनखडी यांचा बाष्पाच्या दिशेचा मुद्दा मान्य. हवाबंद खिडक्यांचा आग्रह मात्र एसीच्या खोलीपुरता मी सोडणार नाही, कारण तेथे झिरपणारी दमट हवाच सर्वांत त्रास देईल.

गवंडीकाम:
कोणीच न बोललेली एक गोष्ट सांगतो. जुन्या कौलांची पागोळी जिथे नव्या स्लॅबच्या कठड्याला भिडते, तिथल्या पन्हळीकडे आधी पाहा. पाला अडकून ती तुंबली की पाणी मागे, सामाईक भिंतीच्या माथ्यात शिरते, आणि लोक खालून भिंतीची ओल मोजत बसतात. पन्हळ हात घालून साफ करता येईल इतकी रुंद हवी आणि तिचा पत्रा कौलांच्या खाली वीतभर तरी वर गेलेला हवा. नवा पाया जुन्या भिंतीला घट्ट बांधू नये, सांधा मोकळा ठेवावा, कारण नवे काम थोडे बसणारच.

फोंडेकर:
आभारी आहे. एक्सपीएस घालतो, कपाट रद्द करतो आणि जुन्या भिंतींचा खर्च काढून टाकतो. राजांगणावरचे पत्रे काढणे मात्र शक्य नाही. चवथीला माणसे जमतात आणि वडिलांना तेथे पाणी नको आहे. बुजवायच्या खिडकीऐवजी हवा कोठून द्यावी, तेवढे सांगावे. उद्या सकाळी गवंडी येतो.

साधा आरेखक:
पत्रे काढू नका, उचला. कौलांच्या वरच्या काठापासून दीड-दोन फूट उंच चौकट करून चारही बाजू उघड्या ठेवा आणि पत्र्याची कड बाहेर दोन फूट तरी काढा, म्हणजे वाऱ्याने येणारी झड बरीच अडेल. नव्या दोन खोल्यांमध्ये त्या जुन्या खिडकीसमोर बोळ ठेवा आणि माजघराची हवा त्यातून घ्या. खिडकी आहे तेथेच राहू द्या आणि तो बोळ पश्चिमेला जाळीदार झरोक्याने उघडा ठेवा. एसीच्या खोलीचे दार बोळात उघडत असेल तर ते घट्ट बसणारे करून घ्या. गवंड्याला सकाळी एवढेच सांगा की खिडकीला हात लावायचा नाही.